हंगामाच्या रविवारचं वाचन

जुन्या कांदाचाळीच्या छपराचं पाचट शांतवनने स्वतःच्या हाताने उतरवायला घेतलं. त्याचा पोरगा जोशुआ म्हणाला होता, बांबूला दोर बांधू आणि ट्रॅक्टरने एका हिसड्यात सगळं खाली ओढू. शांतवनला ते पटलं नाही. ही कांद्याची चाळ त्याने आणि त्याच्या बापाने मिळून उभी केली होती. पाडायचीच, तर रीतीने पाडायची. तो शिडीवर चढून पक्कडीने गंजलेली तार पिळून तोडत होता आणि पाचटाची एकेक पेंढी खाली सोडत होता. पाचटात उंदरांच्या लेंड्या होत्या, कैक सालांचे कांद्याचे पापुद्रे होते. ते सगळं घामाने ओल्या झालेल्या मानेला चिकटत होतं.

हात चालले होते तसं तोंडही चाललं होतं. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये जो उतारा वाचतात तो त्याला पाठ होता. पुस्तक समोर लागत नव्हतं. टाकेवाडीत हा सण ईस्टर होऊन गेला, गहू घरात आला आणि उन्हाळी कांदा रानात आडवा पडला की येतो. त्या रविवारी लोक आपल्या पिकातला पहिला वाटा पुलपिटासमोर आणून ठेवतात आणि शांतवन वाचतो. त्याच्याआधी त्याचा बाप वाचायचा. गावात त्याच्यासारखी त्रिभुवन आडनावाची घरं पुष्कळ, म्हणून शांतवनला सगळे वाचकबापूच म्हणायचे. शेजारच्या मळ्यातला मच्छिंद्रही तेच म्हणायचा.

मच्छिंद्र बांधावरून विहिरीच्या मोटारीकडे चालला होता. तो थांबला.

"काय बापू, चाळीला मंतर घालताय व्हय?"

"रविवारची तयारी."

"आन ही केवढी काढताय नवी? पाया तर लगीनकार्याच्या मांडवाएवढा दिसतोय."

"जुन्या दोन बसतील एवढी." शांतवनने एक पेंढी खाली सोडली. "औंदा पीक बघितलं का? ठिवायचं कुठं? अँगल आला, जाळी आली, पत्रं बी आलं. एकदा चाळ भरली की भाव पडूं दे न्हाईतर चढूं दे, निवांत ऱ्हायचं."

"खायचं, प्यायचं आन बाजंवर पडायचं."

"आता या वयात नको का?"

"पडा की. मला बी जरा जागा ठिवा बाजंवर," म्हणत मच्छिंद्र हसत गेला.

शिडीवरून शांतवनला पाळकांची स्कूटर कालव्याच्या रस्त्याने येताना दिसली. चर्चचे अँड्र्यू पाळक नगरहून बदलून आल्याला अजून साल झालं नव्हतं. तरणा माणूस, शर्ट खोचलेला, बोलणं शहरातलं. त्यांनी स्कूटर कडुलिंबाखाली लावली. डिकीतून एक पुस्तक काढलं. निळं, चकचकीत, अजून प्लॅस्टिकमध्ये.

"सलाम, बापू."

"सलाम, पाळकसाहेब." शांतवन दोन पायऱ्या खाली उतरला, पण शिडी सोडली नाही.

"चर्चच्या पंचांचं ठरलं काल. या सणापासून पुलपिटावर शास्त्राचं नवं भाषांतर ठेवायचं. वाचायचं तुम्हीच. फक्त यातून."

हे येणार, हे शांतवनला माहीत होतं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी जे झालं ते सगळ्या मंडळीने ऐकलं होतं. एक वचन पाळकांनी वाचायचं, पुढचं मंडळीने, अशी रीत. अर्ध्या लोकांच्या मांडीवर जुनं शास्त्र, अर्ध्यांच्या हातात मोबाईलवर नवं. निम्मे पुढे गेले, निम्मे मागे राहिले. शेवटी कुणालाच काही ऐकू येईना, तेव्हा पाळकांनी हात वर करून गीत म्हणायला सांगितलं होतं.

"ह्ये शास्त्र न्हाई, साहेब. वर्तमानपत्र हाय."

"वाचून तर बघा."

"बघितलं. पोराच्या मोबाईलवर बघितलं. देवाच्या तोंडी चावडीवरली भाषा घातलीया. कलेक्टरपुढं उभं ऱ्हायचं म्हटलं तरी मानूस दोन शब्द नीट जुळवतो. हितं तर देव हाय."

"कलेक्टर आपला बाप नाही, बापू. बापाशी कुणी अर्जाच्या भाषेत बोलतं का?"

खाली जोशुआ बांबू मोजून एका बाजूला लावत होता. तो हसला. शांतवनने त्याच्याकडे पाहिलं तसा तो बांबूवर वाकला. पण शांतवनला कळायचं ते कळलं. पंचांच्या बैठकीत तरण्यांचा माणूस म्हणून पोरगाच बसतो. हात वर केलेल्यांत हाही असणार.

"ठिवा तिथं," शांतवन म्हणाला. "हात घान हायेत माझं."

पाळकांनी पुस्तक खाटेवर ठेवलं.

दोन दिवस शांतवनने त्याला हात लावला नाही. कांदा काटणीला आला होता. उपटून टाकलेल्या कांद्याची पात सुकली होती. झुंबरबाईच्या हाताखालच्या बाया ओळीने बसून विळ्याने पात कापत होत्या, मानेला थोडी राखून, म्हणजे चाळीत कांदा सडत नाही. शांतवन पाट्या भरून ढिगावर नेऊन ओतायचा. पाटीचा काठ डोक्यावर रुतायचा. दुपारी सगळं रान कांद्याच्या वासाने जड व्हायचं, डोळे चुरचुरायचे.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्याने पुस्तक उघडलं. न वाचण्याचा मार्ग नव्हता. दुसऱ्या कुणाच्या तोंडून हंगामाचं वाचन ऐकायचं ही गोष्ट त्याच्या मनात बसतच नव्हती. तो अक्षरं शिकला तोच जुन्या शास्त्रावर. बाप पुस्तकावर त्याचं बोट धरून फिरवायचा, आणि प्रत्येक शब्दाला एक चाल असायची. कुठे आवाज उचलायचा, कुठे थांबायचं, 'ह्यास्तव' कसा ओढायचा आणि 'त्यास' कसा तोडायचा. शाळेत नाव घालायच्या आधी त्याला ती चाल येत होती.

चष्म्याची काडी त्याने दोऱ्याने बांधली होती. तो सावरून त्याने कडुलिंबाखाली बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. डोळ्यांपुढे नवी अक्षरं होती, पण जिभेवर जुनं आलं. त्याने पुन्हा सुरुवात केली. दोन वाक्यं सरळ गेली, तिसऱ्याला जीभ पुन्हा जुन्या वाटेला लागली. बैल रोजच्या बांधाकडे ओढ घेतो तशी. तो दात आवळून पहिल्यापासून वाचू लागला.

जोशुआची बायको प्रार्थना सकाळची शाळा सुटल्यावर तशीच रानात आली होती. शेजारच्या गावात ती बालवाडीवर शिकवायला होती. नगरजवळच्या केडगावची, शहरात वाढलेली पोर, पण डोक्याला स्कार्फ गुंडाळून बायांच्या बरोबरीने विळा धरायची. ती पाणी प्यायला कडुलिंबाखाली आली आणि थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"बाबा, तिथं 'त्यास' नाही. 'त्याला' आहे."

"म्हाईत हाय."

तो पुढे गेला. पुन्हा अडला.

"आणि ते 'जाहले' नाहीये, बाबा. नुसतं 'झालं'. बोट ठेवून वाचा ना, म्हणजे डोळा हलत नाही."

सावलीला बसलेल्या बाया इकडेच बघत होत्या. झुंबरबाईने तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि म्हणाली, "बापू, सूनबाई मास्तरीण हाय. छड्या खाशील बरं!"

बाया हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. दिवसभर वाकून बसलेल्या बायांना हसायला काही तरी लागतंच. पण शांतवनच्या कानशिलात गरम झालं.

"मंग तूच वाच!" त्याने पुस्तक मिटलं. "आजपासनं तूच वाच. माझ्यानं न्हाई व्हायचा हा पोरखेळ."

"मी तसं नव्हते म्हणत, बाबा."

"तू वाच म्हन्तोय ना!"

आणि त्याने पुस्तक फेकलं. फार लांब नाही. ते कांद्याच्या ढिगावर जाऊन उताणं पडलं. त्याची बायको हन्ना ढिगाजवळ बसली होती. तिने विळा खाली ठेवला, उठून पुस्तक उचललं, पदराने माती पुसली.

"शास्त्र हाय त्ये," ती म्हणाली. "नवं झालं म्हनून काय झालं?"

रागात बोललेला शब्द कुणी इतक्या पटकन उचलेल असं शांतवनला वाटलं नव्हतं. संध्याकाळी जोशुआने पाळकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी पाळकांचा निरोप आला की प्रार्थनाने वाचायला हरकत नाही, उलट तरुण मुलींना उत्तेजन मिळेल. शांतवन वाट बघत होता. पंचांपैकी कोणी तरी येईल, 'बापू, असं कसं?' म्हणेल, हात धरेल. मग आपण दोनदा नाही म्हणू आणि तिसऱ्यांदा हो म्हणू. रीत तशीच असते. पण कुणी आलं नाही. ज्याला त्याला आपला कांदा होता.

घरात प्रार्थना चुलीपाशी बसून हळू आवाजात वाचायची. तो आत आला की थांबायची. हे थांबणं त्याला वाचण्याहून जास्त लागायचं.

"वाच की," तो म्हणायचा. "थांबलीस कशाला?"

"नंतर वाचते, बाबा."

एकदा ती म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर मी पाळकांना नाही सांगते." त्याने नुसतं हो म्हटलं असतं तरी झालं असतं. तो म्हणाला, "मला काय इचारतीस? पंच मोठं का मी?" आणि तांब्या उचलून बाहेर गेला.

बुधवारी एस्तेरमावशीच्या अंगणात घरसभा होती. मावशी मंडळीत सगळ्यांत वयस्क, डोळ्यांना आता दिसत नव्हतं. सतरंजीवर माणसं बसली. रानातून तशीच आलेली, नखांत माती. गीत झालं, प्रार्थना झाली. पाळकांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? शांतवन उभा राहिला. त्याने दिवसभर पाट्या ओतताना शब्द जुळवले होते.

"मला माझं काय न्हाई," तो म्हणाला. "मी वाचलं काय, दुसऱ्यानं वाचलं काय. पन बायामानसांचा इचार करा. पोरांच्या हातात मोबाईल हायेत, शाळा शिकलीत. आमच्या बायास्नी वाचता येत न्हाई. त्या कानानं ऐकत आल्यात. त्यास्नी जुनंच समजतं, जुनंच काळजाला लागतं. एका दिवसात त्ये काढून घ्यायचं म्हंजी काय?"

"बरोबर हाय," एस्तेरमावशी म्हणाली. "माझं तर सगळं जुन्यातच हाय बाबा."

शांतवनला बळ आलं. "घरचंच सांगतो. हन्नाला इचारा. लगीन हून आली त्या दिसापासनं ऐकतीया. इचारा तिला."

सगळ्यांनी मागे पाहिलं. हन्ना दारापाशी बायांत बसली होती. विळ्याने चिरा पडलेली बोटं तिने पदरात झाकली होती. सभेत तिला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं.

पाळक म्हणाले, "सांगा, हन्नाबाई. तुम्हाला कोणतं समजतं?"

तिने शांतवनकडे पाहिलं. मग पाळकांकडे. सभेत बसून खोटं कसं बोलायचं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला..." ती म्हणाली, "जुनं कवाच समजलं न्हाई."

मागे कुणी तरी पोर फिसकन हसलं. जोशुआने मान खाली घातली.

"ऐकाया ग्वाड वाटतं," हन्ना घाईने म्हणाली. "लई ग्वाड वाटतं. पन समजत न्हाई. इचारलं म्हनून सांगितलं."

शांतवन खाली बसला. पुढचं गीत त्याने म्हटलं नाही. घरी जाताना तो पुढे चालला आणि हन्ना मागे. रोजही ते असेच चालत, पण आज तिला त्याची पाठ फार लांब वाटली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. पाटी भरली की ती हात लावून डोक्यावर द्यायची, तो उचलायचा, जायचा. ऊन कलल्यावर बाया गेल्या, तेव्हा तोच म्हणाला, "एवढी सालं मी वाचत हुतो. तू पुढं बसून ऐकत हुतीस."

"हुते की."

"मान डोलवत हुतीस."

"कालव्याचं पानी वाजतं त्ये बी ऐकते मी. बरं वाटतं. त्याला समजाया कशाला पायजे?" तिने दोन कांदे एकमेकांवर घासून माती काढली. "तुमचा आवाज भरून यायचा. मला वाटायचं, काय तरी लई मोठं चाललंय. आपल्याला न्हाई कळत तर न्हाई. ज्याला कळतंय त्यो वाचतोय न्हवं?"

यावर रागवावं कसं हे शांतवनला कळेना, म्हणून तो अधिकच रागावला. त्याने पाटी तिच्या हातून घेतली नाही, स्वतःच गुडघ्यावर घेऊन डोक्यावर चढवली. मानेत कळ आली. ती त्याने कुणाला सांगितली नाही.

शनिवारपर्यंत नव्या चाळीचा सांगाडा उभा राहिला. वेल्डिंगवाल्या वाल्मिकने अँगल जोडले, खालची फळी बसली, दोन्ही अंगांना जाळी लागली. वर पत्रे तेवढे राहिले. रानातून कालव्याकडे बघितलं की आता झाडांच्या आधी चाळ दिसायची.

रविवारी चर्चच्या खांबांना उसाची कांडकी बांधली होती. पुलपिटासमोर गव्हाची पोती, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला एक कोंबडा. शांतवनने सगळ्यांत चांगला कांदा निवडून आणला होता, एकाच आकाराचा, लाल, पापुद्रा न निघालेला. मागच्या बाकावर मच्छिंद्र बसला होता. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो, त्यासाठी तो दर साली यायचा आणि हटकून कोंबडा घेऊन जायचा.

शांतवन पुढच्या बाकावर बसला. काखेत घरचं जुनं शास्त्र होतं. पाळकांनी वाचनासाठी पुकारलं तेव्हा अंगच्या सवयीने तो अर्धा उठला. मग त्याच्या लक्षात आलं. बाकाचा काठ धरून तो पुन्हा बसला. पलीकडच्या दोघांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

प्रार्थना पुलपिटावर चढली. साडी नीट केली. तिला घाम आला होता. तिने वाचायला सुरुवात केली, आणि शांतवनने ओठांतल्या ओठांत आपलं सुरू केलं. त्याला दाखवायचं होतं, कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याची चाल लांब, ओढत नेणारी. तिला चालच नव्हती. ती शेजारणीला गोष्ट सांगावी तसं वाचत होती. तो मागे पडला. मग घाई करून पुढे गेला. मग दोन्ही एकमेकांत अडकलं आणि त्याचे ओठ थांबले. आता ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

एक शेतकरी होता. त्याच्या रानात पीक उदंड आलं. एवढं आलं की ठेवायला जागा पुरेना. तो आपल्याशीच विचार करू लागला, आता काय करू? मग त्यालाच सुचलं. साठवणीच्या जुन्या जागा पाडायच्या आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या बांधायच्या. सगळं पीक आत भरायचं. मग मनाला म्हणायचं, बाबा रे, पुष्कळ सालांची सोय झाली, आता आराम कर.

मागून मच्छिंद्रचा आवाज आला. त्याला वाटलं होतं हळू बोललो, पण रानात बोलायची सवय.

"आयला, ह्ये तर बापूच्या चाळीचंच चाललंय!"

चर्च हसलं. पुरुषांकडचं हसलं, बायांकडचं हसलं, पोरं तर बाकावर उभी राहून मागे बघू लागली. सगळी तोंडं शांतवनकडे वळली. हसण्यात अजून गंमतच होती. एकाने तर पुढे वाकून त्याच्या खांद्यावर थाप मारली. प्रार्थना थांबली. तिचा चेहरा उतरला होता. पुढे काय आहे ते फक्त तिच्यासमोर होतं. तिने सासऱ्याकडे पाहिलं. पाळकांनी हाताने खूण केली, वाचा.

तिने वाचलं. देव त्या माणसाला मूर्ख म्हणाला. आज रात्री तुझा जीव मागून घेतील, म्हणाला. मग हे साठवलेलं कुणाचं?

हसणं कुठे थांबलं ते कळलं नाही. कोंबड्याने पंख झाडले तेवढा आवाज झाला. वळलेली तोंडं एकेक करून पुढे फिरली, आणि ते बघत होते तेव्हापेक्षा आता शांतवनला जास्त उघडं वाटलं. तो समोरच्या कांद्यांकडे बघत राहिला. त्याने निवडून आणलेले, एकाच आकाराचे.

उपासना सुटल्यावर पाळक जवळ आले. "बापू, मनाला लावून घेऊ नका. उतारा दर वर्षीचाच आहे."

"म्हाईत हाय मला," शांतवन म्हणाला. "आमीच ठरवून दिलाय त्यो. माझ्या बापानं."

एस्तेरमावशी कुणाचा तरी हात धरून पायऱ्या उतरत होती. "आज काय देव आल्यावानी वाटला न्हाई बाई," ती म्हणत होती. "गावातलंच कुनीतरी बोलून गेल्यावानी वाटलं." एरवी शांतवनने ते चारचौघांत बोलून दाखवलं असतं, बघा म्हणाला असता. आज तो तिच्या बाजूने निघून गेला. लिलावाला थांबला नाही. त्याचा कांदा मच्छिंद्रनेच घेतला, असं नंतर कळलं. स्वतःचा कांदा ढिगाने पडलेला असून घेतला.

दुपारी घर निजलं तेव्हा त्याने ओट्यावर बसून जुनं शास्त्र उघडलं. पान आपोआप उघडलं, एवढी सवय होती. त्याने चाल न लावता, मनातल्या मनात, बोट ठेवून वाचलं. सगळं होतं. पाडणं होतं, बांधणं होतं, मनाला आराम कर म्हणणं होतं, मूर्ख म्हणणं होतं. एक ओळ कमी नव्हती. त्या ओळींवरच तो सगळ्यांत उंच आवाज काढायचा आणि लोक डोळे मिटून घ्यायचे. त्याने पुस्तक मिटलं. नव्या भाषांतरात चूक सापडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि मग आपल्याला असं वाटलं याचाच त्याला राग आला.

सोमवारी सकाळीच पश्चिमेला आभाळ भरून आलं. भंडारदऱ्याकडे काळं झालं होतं. कांदा उघड्यावर, चाळीला पत्रा नाही. एक सर आली असती तरी सगळा माल काळा पडला असता. जोशुआ आणि वाल्मिक वर चढले, शांतवन शिडीवर उभा राहून खालून पत्रा देऊ लागला. हन्ना चाळीत बसून कांदा सारखा करत होती, प्रार्थना पाट्या आणून ओतत होती. आभाळ असूनही ऊन मधूनच फुटायचं आणि पत्रा तापायचा. शांतवनच्या तळव्यांना चटके बसत होते. त्याने हाताला फडकं बांधलं नव्हतं.

बांधावरून मच्छिंद्र गेला. तो थांबला नाही, काही विचारलं नाही. हात वर केला आणि गेला. शांतवनला वाटलं, काही तरी बोलला असता तर बरं.

चाळीत अजून उजेड होता. पत्र्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीतून हन्नाचं तोंड वर दिसत होतं. प्रार्थना पाटी आणायला गेली तशी ती म्हणाली, "एक इचारू का?"

"इचार."

"काल पोरीनं वाचलं, त्ये तुमी दर साली वाचत हुता त्येच का?"

"त्येच."

"त्या मानसाचं? पाडून मोठी बांधतो त्याचं?"

"व्हय."

"समदं? त्यो रातीत मरतो, त्ये बी?"

"व्हय म्हन्तोय न्हवं!"

तिचे हात कांद्यावर चालले होते. मग तिने पुन्हा वर पाहिलं.

"मंग तुमी ही काढली कशी?"

टोमणा असता तर शांतवनने ओळखला असता, आणि उत्तरही दिलं असतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. इतकी सालं वाचणाऱ्या माणसाला यातलं काही ठाऊक असणार, आपल्याला नसेल ते, आणि तो आता सांगेल, असं तिला वाटत होतं.

शांतवनने तोंड उघडलं. कांदा काय उघड्यावर ठेवायचा का, हे म्हणता आलं असतं. पत्रे आणून पडलेत, हेही. दोन्ही खरं होतं. पण तिने ते विचारलं नव्हतं.

"बाबा, वर द्या ना!" जोशुआ ओरडला. "आभाळ बघा!"

"हात चालव," शांतवन खाली न बघता हन्नाला म्हणाला.

त्याने शेवटचा पत्रा उचलला. तापलेली कड हातात रुतली. ती तशीच धरून त्याने पत्रा वर सरकवला. वाल्मिकने ओढून घेतला, जोशुआने नट आवळला. मधली पट्टी बुजली आणि चाळीत अंधार झाला. हन्नाचं तोंड दिसेनासं झालं. कांदे सरकवल्याचा आवाज थांबला होता. ती अजून वरच बघत असणार.